सागाच्या टेबलावरचं मेणकापड

मी मेणकापड बोलतोय. जेवणाच्या टेबलावर अंथरतात ना, फळाफळांचं, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं असं म्हणून ज्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही, तोच मी. खरं तर आधी टेबलानं बोलायचं. मान त्याचा. पण आमच्या टेबलाची अडचण अशी, की त्यानं तोंड उघडलं तर पहिल्याच वाक्यात घराची अब्रू जाईल. म्हणून मीच बोलतो.

माझा जन्म सिल्वासाजवळच्या सायली गावचा, एका प्लास्टिकच्या कारखान्यात. हे मुद्दाम सांगतो, कारण या घरातलं दुसरं कुणीच इथलं नाही. सुधाकर सर चिपळूणचे, सिल्वासाच्या सरकारी शाळेत भूमिती शिकवायला आले. त्यांची बायको वासंतीबाई दापोलीच्या. सून धनश्री नाशिकची. मुलगा रोहनसुद्धा वापीच्या इस्पितळात जन्मला. अस्सल सिल्वासाचा म्हणाल तर मी एकटा, आणि घरातून काय काढायचं असा विषय निघाला की पहिलं नाव माझंच.

गरम रुळांतून लाटून निघालो तेव्हा मी चांगला देखणा होतो. पुढं छपाईचा रूळ जरासा सरकला आणि माझ्या द्राक्षांचा हिरवा रंग द्राक्षं सोडून बोटभर बाजूला पडला. सफरचंदांचा लालही तसाच घसरला. तपासणाऱ्यानं एक नजर टाकली, "सेकंड" म्हणाला आणि मला कोपऱ्यात फेकलं. जन्मल्या जन्मल्या नापास! माझ्याच ताग्यातला दुसरा तुकडा तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली घालायला गेला म्हणतात. त्याची आठवण आली की मला माझं नशीब बरं वाटतं.

आता टेबलाची गोष्ट. ती त्यानंच मला सांगितली. अंगाला अंग लावून बावीस वर्षं काढल्यावर लपणार काय?

वासंतीबाई लग्न करून इथं आल्या त्या नाराजीनंच. कुठं समुद्र, कुठं हे आडगाव, असं त्यांचं चाललेलं असायचं. सर समजूत घालायचे, "अगं, इथं काही नसलं तरी साग आहे. असा साग तुझ्या बदलापूरच्या ताईला स्वप्नात दिसायचा नाही." ताईकडं सनमायकाचं टेबल होतं आणि ती ते बोलण्यात दर वेळी आणायची. शेवटी एका वर्षी सरांनी झिपरू सुताराला जेवणाचं टेबल सांगितलं. ताई गणपतीला येणार होती, तोवर तयार हवं.

झिपरू खरा माणूस. तो म्हणाला, "सर, साग पायांपुरता आहे. बाकीचा ओला आहे, दिवाळीशिवाय सुकायचा नाही. घाई असेल तर वरती खोक्याच्या फळ्या टाकतो. मशीन येते ना कंपनीत, तिची पेटी असते, तिच्या." सरांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "पॉलिश गडद मार."

गणपतीत ताई आली. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "साग तो साग." वासंतीबाईंची मान त्या दिवशी जी वर झाली ती काही विचारू नका. सर कधी खोटं बोलले नाहीत हं. "टेबल सागाचं आहे," एवढंच म्हणाले. 'पूर्ण' हा शब्द त्यांनी कधीच वापरला नाही. भूमितीचे शिक्षक ते.

नवरात्रापर्यंत सगळं ठीक होतं. मग एका सकाळी सर चहाला बसले आणि त्यांच्या पुढ्यात, पॉलिशच्या आतून, एक छत्री उगवलेली दिसली. शेजारी एक उभा ग्लास. त्याखाली वर तोंड केलेले दोन बाण. पेटीवरची खूण ती, सामान भिजवू नका, आपटू नका, अशी. दमट हवेत शाई वर आली होती. सरांनी झटकन त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

त्याच दिवशी दुपारी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वासंतीबाईंनी कुकर गॅसवरून उचलून क्षणभर टेकवला. दारात भाजीवाली आली होती. परत येऊन बघतात तर सागाच्या टेबलावर काळंकुट्ट कडं! बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं केलेलं टेबल, आणि दोन महिन्यांत आपण हे केलं. त्यांनी घाईघाईनं वर्तमानपत्राची पुरवणी घेतली आणि त्यावर घातली.

संध्याकाळी सर म्हणाले, "टेबल चांगलं राहायला त्यावर काहीतरी घातलं पाहिजे."

"मीही तेच म्हणणार होते," वासंतीबाई म्हणाल्या.

एवढ्या पटकन एकमत त्यांच्या संसारात आधी कधी झालं नव्हतं. दोघांनाही संशय यायला हवा होता, पण ज्याच्या त्याच्या मनात आपापलाच चोर होता.

सरांच्या वर्गातल्या ममताचे वडील झुंबर आमच्या कारखान्यात होते, धुळ्याकडचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला गुंडाळून आणलं. "सर, माल सेकंडना शे, पन मजबूत शे. वीस वरीस याला काय होत नई." या जगात माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला चांगला उद्गार. झुंबरभाऊंना मी विसरणार नाही.

सरांनी एक टोक धरलं, बाईंनी दुसरं. दोघांनी मला आपापल्या वर्तमानपत्रावर अलगद पसरलं आणि आपापल्या बाजूला स्टीलचे चिमटे लावले. तेव्हापासून सरांची बाजू सरांची, बाईंची बाजू बाईंची. पुसताना दुसऱ्याचा कोपरा उचलायचा नाही, हा न बोललेला नियम झाला. लोकांना वाटायचं, काय हा समजूतदारपणा!

माझे दिवस बरे गेले. माणसं जेवणाच्या टेबलावर क्वचितच जेवतात, हे मला लवकर कळलं. जेवतात टीव्हीसमोर. टेबलावर असतं ते लोणचं, रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचं बिल आणि कुणाचा तरी चष्मा. पाहुणे आले की हे सगळं उचलून पलंगावर नेतात आणि आम्ही रोज इथंच जेवतो असा चेहरा करून बसतात. उन्हाळ्यात त्यांची कोपरं मला चिकटतात. उठताना चर्र आवाज होतो, की दोष माझा! शेजारच्या रोशनीचं बाळ एकदा माझी द्राक्षं उचलायला बघत होतं. रंग एकीकडे, द्राक्षं एकीकडे, बिचारं चक्रावून रडायला लागलं.

तर असं सुखात चाललं असताना या वर्षी धनश्रीनं जेवणाची खोली नवी करायची ठरवली.

पोरगी गुणी आहे, पण तिचा फोन वाईट. त्यात दिवसभर लोकांच्या खोल्या दिसतात. आमची खोली म्हणजे पूर्वीची पडवी, खिडक्या लावून बंद केलेली. तिथं काचेचं कपाट, वीस वर्षांचा पिवळा रंग आणि ट्यूबलाइट. धनश्री म्हणाली, "आई, सगळं बदलायचं. फक्त टेबल ठेवायचं. अस्सल सागाचं टेबल आहे आपल्याकडे! अख्खी खोली त्या सागाला मॅच करते. हे प्लास्टिक तेवढं काढून टाकू."

सरांच्या हातातला कप बशीवर वाजला. "प्लास्टिक टाकून देणं पर्यावरणाला घातक असतं," ते म्हणाले. "वापरात असलेलं बरं."

"आणि सागाला एकदम हवा लागली की तो तडकतो," वासंतीबाई म्हणाल्या.

"बरोबर," सर म्हणाले. त्यांनी बायकोकडं इतक्या कृतज्ञतेनं बघितलं, की तिनंही लाजून खाली बघितलं.

धनश्री रोहनला म्हणाली, "तुझ्या आईबाबांचा माझ्यापेक्षा त्या मेणकापडावर जास्त जीव आहे." रोहन म्हणाला, "सवय होईल." कुणाला कशाची, ते त्यानं सांगितलं नाही.

काम सुरू झालं. भावेश नावाचा कारागीर वापीहून आला. भिंती शेवाळी रंगाच्या झाल्या, काचेचं कपाट गेलं, ट्यूबलाइट गेली, वरून पितळेचा दिवा लोंबू लागला. पॉलिश तेवढं राहिलं. सोमवारी टेबल, असं ठरलं.

रविवार माझ्या आयुष्यातला सर्वात हालाचा दिवस. वासंतीबाई भजनाला गेल्या तसे सर पॉलिश पेपर घेऊन आले, आपला कोपरा उचलला आणि छत्री घासू लागले. वरचं उरलंसुरलं पॉलिश निघालं आणि छत्री आणखी ठळक झाली. आता तिच्या काड्यासुद्धा मोजता येत होत्या. सर घामाघूम होऊन गेले. तासाभरानं बाई परतल्या, सर वाचनालयात गेले आणि बाई राख आणि खोबरेल तेल घेऊन आल्या. त्यांनी कडं घासलं. तेल पिऊन कडं असं चकाकलं, जणू कालच कुकर ठेवलाय. त्या खुर्चीत बसल्या आणि माझ्या सफरचंदावर हात ठेवून म्हणाल्या, "आता काय सांगू रे त्यांना?" मला फार वाईट वाटलं. त्यांना कसं सांगू, की एक तासापूर्वी याच टेबलापाशी दुसरं कुणीतरी हेच म्हणत होतं?

सोमवारी भावेशनं चिमटे काढले आणि मला एका झटक्यात ओढलं. एवढंच नाही, उरलेल्या रंगाचे डबे ठेवायला मला खाली जमिनीवर पसरलं. माझ्या द्राक्षांवर शेवाळी रंगाचे दोन थेंब पडले. पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

टेबलावर दोन पिवळी वर्तमानपत्रं होती. धनश्रीनं ती उचलली. "एकाच तारखेची आहेत. इकडे पेपर, तिकडे पुरवणी." मग तिनं खाली बघितलं.

भावेशनं नखानं फळी खरवडली. "काका, आ साग नथी. पाय सागना छे. वरचं तर पेटीचं लाकूड. मशीन येते ना, तेनी पेटी."

"कुकर माझ्या हातून ठेवला गेला!" वासंतीबाई म्हणाल्या.

"दिवाळीपर्यंत साग सुकणार नव्हता!" सर म्हणाले.

दोघं एकदमच बोलले, आणि एकदमच थांबले. मग बाईंनी सरांच्या बाजूची छत्री बघितली. सरांनी बाईंच्या बाजूचं कडं बघितलं.

"तू कुकर ठेवलास?" सरांनी विचारलं.

"मी नुसता कुकर ठेवला. तुम्ही तर अख्खा खोका ठेवलात!"

रोहनला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. वासंतीबाई खाली बसल्या होत्या. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहुण्यांना साग म्हणालात की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. एवढ्या चांगल्या वस्तूचं मी वाटोळं केलं म्हणून. आणि वस्तू काय, तर पेटी!"

सर वर्गात उभं केलेल्या मुलासारखे उभे होते. मग म्हणाले, "ताई येणार होती. तिच्यासमोर तुझी मान वर राहावी, एवढंच मनात होतं. एरवी तुला इथं आणून मी दिलं तरी काय?"

बाईंनी त्या दोन बाणांवरून बोट फिरवलं. "राहिली हो," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं राहिली."

मी जमिनीवर, डब्यांखाली. माझ्या अंगावर ओझं होतं, पण मनावरचं उतरलं.

धनश्री मात्र टेबलाभोवती फिरत होती, डोळे मोठे करून. "आई, हे खरं खोक्याचं आहे? छत्री आणि बाणासकट? लोक असं मुद्दाम शोधत फिरतात! हे असंच ठेवू. नुसतं साफ करायचं."

म्हणजे माझं आयुष्य संपलंच होतं. खोटं उघडं पडलं, आणि वर ते फॅशनमध्येही निघालं. झाकायला काही उरलंच नाही. मी निरोपाची तयारी केली.

तेवढ्यात वासंतीबाई म्हणाल्या, "पण शनिवारी ताई येतेय. जावयाला घेऊन. जावयाला सागाचं टेबल करायचंय, म्हणून आपलं बघायला."

मग एकेक करून सगळ्यांची मान खाली वळली. माझ्याकडे.

धनश्रीनंच डबे बाजूला केले. तिनं मला मोरीत नेऊन साबणानं धुतलं, थेंब नखानं काढायचा प्रयत्न केला. ते निघाले नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सर आणि वासंतीबाई मला अंथरायला आले. या वेळी दोघांनी एकच बाजू धरली आणि धनश्री-रोहननं दुसरी. खाली वर्तमानपत्र नव्हतं.

शनिवारी ताई आली. शेवाळी भिंती बघितल्या, पितळेचा दिवा बघितला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, एवढी खोली नटवलीत आणि हे कळकट मेणकापड तसंच? बघू दे जरा यांना साग." तिचा हात माझ्या कोपऱ्याकडे आला.

सरांचा हात माझ्यावर पडला. त्याच क्षणी बाईंचा हात पडला, सरांच्या हातावर. दोघांनी तो काढला नाही.

"मावशी, नको," धनश्री शांतपणे म्हणाली. "सागाला एकदम हवा लागली की तो तडकतो."

जावयानं ते फोनमध्ये लिहून घेतलं.

तर असा मी अजून जागेवर आहे. ताई गेल्यावर मला घडी करून कपाटात ठेवायचं ठरलं होतं, पण अजून कुणी ठेवलं नाही. द्राक्षं एकीकडे, रंग दुसरीकडे, वर शेवाळी ठिपके, आणि कारखान्यात नापास झालेलं माझं हे अंग आता चार माणसांचं एकच गुपित सांभाळतं. दोघांची वेगवेगळी सांभाळण्यापेक्षा हे पुष्कळ हलकं जातं.

जाता जाता तुम्हाला एक सांगणं आहे. कुणाच्या घरी जेवायला बसलात आणि टेबलावर माझा एखादा भाऊबंद दिसला, तर त्याला नावं ठेवा, कोपर चिकटलं तर करवादा, हवी तर आमटी सांडा. फक्त त्याचा कोपरा उचलू नका.