परत करायची राहिलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी टीव्ही-गेमची कॅसेट आहे. माझी कहाणी मी सांगणारच आहे, पण आधी त्या शिवमची तक्रार ऐकून घ्या. तेवीस वर्षांचा धडधाकट पोरगा, अमरावतीला नोकरी करतो, आणि दिवाळीला घरी आला तर मला हात लावायच्या आधी हातमोजे घालतो! पांढरे, पातळ, दवाखान्यातले. मी काय विंचू आहे? की मला गोवर निघाला आहे? चिवडा खाताना ह्याला हात धुवायची आठवण नसते, आणि माझ्याजवळ येताना मात्र डॉक्टर होतो. भिंग लावून माझे कोपरे पाहतो. बॅटरी मारून माझं प्लास्टिक पाहतो. अठ्ठावीस वर्षांत माझा असा अपमान कोणी केला नव्हता.

माझं बोलणं थोडं तिखट वाटेल. त्याला माझा इलाज नाही. मी मनकर्णाबाईंच्या लोखंडी पेटीत वाढले. जिथं राहिलं तिथली बोली लागते.

मनकर्णाबाई म्हणजे शिवमची आजी. परतवाड्याजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. बाईंची शाळा दुसरीत सुटली, पण संत्र्यांचा ढीग समोर आला की त्यांच्या हाताला डोळे फुटतात. फळ नुसतं तळव्यावर घेतात आणि बाजूला टाकतात. हे मोठं, हे मधलं, ही चुरी. चुरी म्हणजे बारीक, डागी फळ. दिवसभर निवडत बसल्या तरी एक फळ चुकीच्या ढिगात जात नाही. मोठमोठे व्यापारी बागेत आले की आधी बाईंना नमस्कार करतात, मग झाडांकडे पाहतात.

आता माझा जन्म. कुठल्याशा कारखान्यात माझं हिरवं काळीज, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, बनलं, त्यावर पिवळं प्लास्टिकचं अंग चढलं, मग रंगीत खोका, आणि शेवटी खोक्यावर पारदर्शक प्लास्टिक. गरम वारा लागला आणि ते अंगाला असं चिकटून बसलं, की मी आतल्या आत दबले ती दबलेच. खोक्यावर एका वांदराचं चित्र आहे. काखेत नारिंगी फळं घेऊन ते पळत आहे. माझ्या पोटात काय आहे ते मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. खेळल्याशिवाय आम्हाला आमचं पोट दिसत नाही.

सत्त्याण्णव साली मी अकोल्याच्या एका दुकानात काचेच्या कपाटात उभी होते. तिथं नत्थुजी आले. नत्थुजी म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान. विहिरीवरच्या मोटरपंपाचं सामान घ्यायला आले होते. त्यांची मुलगी सीमा चौथीत पहिली आली होती, आणि तिनं एकच मागणं केलं होतं : "बाबा, टीव्हीवर खेळतात थे आणा." नत्थुजींनी दुकानदाराला तसंच सांगितलं. त्यानं मला काढून दिलं. मशीन आहे का, हे त्यानं विचारलं नाही. मशीन लागते, हे नत्थुजींना माहीत नव्हतं. घरी गाण्याच्या कॅसेटी वाजत होत्या, तशीच ही वाजेल, असा त्यांचा हिशोब.

घरी मोठा आनंद झाला. सीमानं मला दोन्ही हातांत धरून उंच केलं. मग खोका उलटा केला. मागच्या बाजूला एका मशीनचं चित्र होतं आणि त्या मशीनच्या तोंडात माझ्यासारखीच एक कॅसेट खोचलेली होती. पोरगी हुशार. तिला कळलं. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, याले मशीन लागते. फुडच्या खेपीले आणसान?"

"आणतो ना माय," नत्थुजी म्हणाले. "पक्कं."

आणि मग मनकर्णाबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी वांदराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अवो सीमाचे बाबा, बागेतले वांदरं हाकलू हाकलू माहे हात दुखून आले, अन् तुमी पैसे देऊन एक घरात आणलं? थेबी संत्रे चोरून राह्यलं त्या चित्रात! अन् मशीन कोठी हाय?"

"मशीन मंग आणू."

"मंजे बैल नाही अन् घुंगरमाळ आणली."

नत्थुजी टोपी काढून पुन्हा घालू लागले. अडचणीत सापडले की ते हेच करतात.

बाईंनी सीमाकडून पावती वाचून घेतली. खाली छापलं होतं : सीलबंद माल आठ दिवसांत परत घेतला जाईल. झालं. घरात कायदा लागू झाला. "कोणी फोडाचं नाही. मी सोता अकोल्याले जाऊन परत करतो." पावती खोक्याखाली, खोका लुगड्यांच्या घडीत, घडी पेटीत, किल्ली कमरेला.

मित्रांनो, ते आठ दिवस काही सरले नाहीत. पहिल्या आठवड्यात निंदण निघालं. मग जावेच्या घरचं लग्न. मग बागेला पाणी. मग बहार. मशीनचंही तसंच झालं. दरवर्षी पुढच्या खेपेवर गेलं. सीमा दहावी झाली, लग्न होऊन अकोल्यालाच गेली. ज्या दुकानातून मी आले, ते बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान झालं. तरी बाईंचा कायदा कायम. दर दिवाळीला पेटीतले कपडे उन्हात पडायचे, तेव्हा मीही बाहेर यायचे, आणि पाहुण्यांना माझी ओळख करून दिली जायची : "हे परत कराचं हाय." पाहुणे हसायचे, नत्थुजी टोपी काढून पुन्हा घालायचे, आणि मी पुन्हा आत.

खोटं बोलणार नाही. पेटीत मला काही कमी नव्हतं. डांबरगोळ्यांमुळे कसर लागली नाही, रेशमी लुगड्यांत कोपरे घासले नाहीत. पण सीमा माहेरी आली की पेटी उघडायची, मला हातात घ्यायची, खोका उलटा करून त्या मशीनच्या चित्राकडे पाहायची आणि ठेवून द्यायची. दहा वर्षांची होती तेव्हाही अशीच पाहायची. अडतीसची झाली, तरी तशीच. तेवढ्या वेळाला माझ्या हिरव्या काळजात काहीतरी व्हायचं.

या दिवाळीला पेटी उन्हात आली आणि शिवमनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं. तो ओरडलाच. "आजी! हे सीलपॅक हाय?"

"मंग? फुटलेला माल कोण परत घेते?"

त्यानं मोबाइलवर काय काय दाखवलं. विदेशात म्हणे अशा कंपन्या आहेत, ज्या न फोडलेल्या जुन्या गेमला नंबर देतात. खोक्याला दहापैकी नंबर, वरच्या प्लास्टिकला वेगळा शेरा. मग काचेसारख्या जाड डबीत कायमचं बंद करतात. डबीवर नंबर छापतात. असा नंबर लागला, की शौकीन लोक मागतील ती किंमत देतात. फॉर्म भरून झाला होता, फीसुद्धा त्यानं पगारातून बाजूला काढली होती. आज पाडवा, उद्या भाऊबीज, परवा पार्सल जाणार.

पोराच्या मनात लोभ नव्हता, हे मी सांगायला हवं. मला विकायचं असं तो एकदाही बोलला नाही. आपल्या घरातली एक वस्तू जगात नावाजली जावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि त्या कंपन्यांचं काम अगदीच फुकट आहे, असंही मी म्हणणार नाही. जुन्या खोक्याला नवं प्लास्टिक चढवून फसवणारे लोक असतात. त्यांना ओळखणारा कोणी पाहिजेच. ज्यांना व्यापारच करायचा आहे, त्यांनी खुशाल नंबर लावून घ्यावा. पण ती कायमची डबी ऐकली आणि माझं पिवळं अंग गार पडलं. पेटीला निदान किल्ली होती.

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. निवड-पारखीचा विषय निघाला की त्या कान टवकारतात.

"अन् नंबर देणारा फोडून पायते?"

"नाही आजी. फोडलं तं किंमतच गेली."

"मंग आत कॅसेट हाय का ईट हाय, थ्याले कसं समजते?"

"थे... वजन, प्लास्टिकचा जोड, असं पायतात."

"अन् थे चालते का नाही?"

"थे नाही पायत."

"बाप्पा! माह्या बागेत व्यापारी येते तं आदी एक फय तोडते, सोलते, तोंडात टाकते, मंग भाव बोलते. न चाखता भाव सांगणाऱ्याले मी बांधावरून वापस पाठवतो."

शिवमही त्यांचाच नातू. "आजी, आपल्या संत्र्यावर स्टिकर लागला, पेटीत पॅक झाला, तं थो माल दूर दूर जाते का नाही? तसंच हे."

हे बाईंना लागलं. मागच्या वर्षी त्यांचा माल स्टिकर लावून बाहेर गेला होता, तेव्हा तो स्टिकर त्यांनी आठ दिवस कपाटावर चिकटवून ठेवला होता. मग म्हणाल्या, "भाऊबीज होऊ दे. मंग सांगतो."

नत्थुजी ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. आज त्यांनी टोपीलाही हात लावला नाही. उठले, पिशवी घेतली आणि परतवाड्याच्या जीपमध्ये बसून निघून गेले. "सणावारी कोठी चालले?" बाई ओरडल्या. जीप गेली होती.

संध्याकाळी आले ते पिशवी कोठ्यात ठेवून सरळ जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सीमा आली. तिच्या थोरल्या भावाची, म्हणजे शिवमच्या बाबांची ओवाळणी झाली, पुरण झालं. शिवमनं मोठ्या उत्साहानं आत्याला माझी बातमी सांगितली. मी टेबलावर होते, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकवर ठेवलेली, खाली तीच जुनी पावती, शेजारी हातमोजे. सीमानं सगळं ऐकलं. "चांगलं हाय ना बाप्पा. नाव होईन," ती म्हणाली. मग सवयीनं मला उचलायला हात पुढं केला.

"आत्या, थांब! हातमोजे घाल."

सीमाचा हात तसाच मागे गेला. ती हसली, पण ते हसणं काही जमलं नाही. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं. हजार फळांतून एक डागी फळ ज्यांना दिसतं, त्यांना ते दिसणारच.

तेवढ्यात नत्थुजी कोठ्यातून पिशवी घेऊन आले आणि टेबलावर उलटी केली. आतून निघालं एक मशीन. राखाडी रंगाचं, दोन रिमोट, वायरींचा गुंता. परतवाड्याच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात असली मशीनं अजून मिळतात, मित्रांनो. अठ्ठावीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"सीमा," नत्थुजी म्हणाले, "फुडची खेप झाली माय."

शिवमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "पण आबाजी, फॉर्म भरला मी..." त्याचा आवाज बारीक झाला. आता सगळे बाईंकडे पाहू लागले. कायदा त्यांचा, किल्ली त्यांची.

बाईंनी मला तळव्यावर घेतलं. वजन पाहिलं. बोटानं कोपरे चाचपले. मग खोक्याखालची पावती काढून सीमाच्या हातात दिली.

"वाच वं. किती दिवसांत परत कराचं होतं?"

"आठ, आई."

"मंग आता कोण घेते परत?" असं म्हणून त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या प्लास्टिकमध्ये खुपसलं. देठाजवळ, संत्रं सोलताना खुपसतात तसंच. एक चिर्रर झालं. अठ्ठावीस वर्षांनी मला वारा लागला! शिवमनं डोळे मिटून घेतले होते. मी मात्र सगळं उघड्या अंगानं पाहिलं.

मला मशीनच्या तोंडात खोचलं, आणि टीव्हीवर आल्या नुसत्या मुंग्या. इतक्या दिवसांनी न्हाऊन-धुऊन बाहेर यावं आणि तोंडातून शब्द फुटू नये! सीमानं मला बाहेर काढलं, ओठांजवळ नेलं आणि जोरात फुंकर मारली. शेजारच्या घरी लहानपणी पाहून ठेवलेली विद्या. पुन्हा खोचलं. टिंग टिंग टिंग वाजलं आणि वांदर धावत आलं. ते माझ्याच पोटातून आलं, मित्रांनो! माझ्या पोटात झाडं होती, नदी होती, पूल होता, आभाळ होतं. एवढं सारं घेऊन मी लुगड्यांत झोपले होते.

सीमाचं वांदर तीनदा मेलं. चौथ्या वेळी पूल ओलांडला, तर अडतीस वर्षांची बाई पलंगावर उभी राहून ओरडली. नत्थुजींचं वांदर एकाच जागी उड्या मारत राहिलं. मग बाईंनी रिमोट घेतला. त्यांचं वांदर सरळ नदीत गेलं. दुसरं नदीत. तिसरंही नदीत.

"आई, बटन दाब ना! बुडून राह्यलं थे!"

"बुडू दे. मीच बुडवून राह्यली. संत्रे चोरते मेलं."

हसता हसता शिवमसुद्धा भिंतीला टेकला. फाटलेलं प्लास्टिक अजून त्याच्या हातात होतं. ते त्यानं घडी करून खिशात ठेवलं. त्याचं दुःख मी ओळखते. म्हणून तुम्हाला विनंती, मित्रांनो : वस्तूला जपा. ऊन लागू देऊ नका, कसर लागू देऊ नका. पण ती कोणासाठी आणली होती, तेही तिच्याबरोबर जपा. माझे कोपरे मनकर्णाबाईंनी सांभाळले, आणि माझी वाट सीमानं पाहिली. माझ्यावर दोघींचा हक्क होता.

"आजी," शिवम शेवटी म्हणाला, "नंबर तं गेला."

मनकर्णाबाईंनी रिमोट खाली ठेवला, पदरानं हात पुसले, आणि मान वळवून त्याला म्हणाल्या :

"काहून जाईन? मी काय नंबर द्याले मेली काय? अठ्ठावीस वर्षं पेटीत ठेवला माल, पह्यल्या फुंकरीत चालला, घरभर हासले. हा पह्यल्या ढिगातला माल हाय, लिहून घे तुह्या फॉर्मवर. थ्या कंपनीले सांग, न चाखता नंबर देणं सोपं हाय. अन् तुले सांगतो शिवम, हातमोजे घालून संत्रंबी गोड लागत नाही. फेक थे हातमोजे, अन् धर हे रिमोट. तुही पाळी हाय."