टोचतंय कुठे

कवळी उकळायला नऊ तास लागतात. पाणी खदखदू द्यायचं नाही. घाई केली की आत बुडबुडे राहतात.

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की ती दुसऱ्यावर थांबते. सगळ्यांना माहीत आहे. सगळे तेच बटण दाबतात.

हसताना माणसाचे वरचे सहा दात दिसावेत. आठ दिसले की तो काहीतरी विकायला आलाय असं वाटतं.

"तुमचे असतील तर घेऊन जा!" एक निवृत्त पोस्टमन भर रस्त्यात ओरडला आणि त्याने खरोखरच तोंडात बोटं घातली.

"दातांशिवाय जायचं नाही मला. गेल्यावर तोंड उघडं राहतं. लोक वाकून वाकून बघतात."

हे शेवटचं ताई म्हणाली. तिथूनच सुरुवात करायला हवी.

ताई इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर. तिची धाकटी बहीण कवळ्या करते, एकेचाळीस वर्षं. जिन्याखालच्या एका खोलीत टेबल, पॉलिशची मोटर, पाण्याचं पातेलं आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. तिच्या केसांतही ती पूड असते, त्यामुळे ते पिकले कधी हे कुणालाच कळलं नाही. तिला आपण धाकटीच म्हणू. साठी ओलांडली तरी ताई तिला तेच म्हणते.

सोमवारी लिफ्टपाशी भाच्याने तिला बाजूला घेतलं.

"मावशी, डॉक्टर म्हणाले आठवडा. फार तर दहा दिवस. आणि तू दातांचं माप घेत बसलीयस?"

"आठवडाभर बोलणार नाही का ती?"

"दात नसतानाच एवढी बोलते."

"मग बघच आता," धाकटी म्हणाली आणि मापाचे साचे ओल्या फडक्यात गुंडाळून निघाली. चालता चालता हिशेब मांडला. मंगळवारी मेणात दात लावायचे, बुधवारी तोंडात घालून बघायचे, गुरुवारी उकळायचं, शुक्रवारी द्यायचे. माणूस रविवारपर्यंत टिकलं तर दोन दिवस हातात. असला हिशेब तिने आजवर कधी केला नव्हता. गिऱ्हाईक म्हातारं असायचंच, पण ते आपल्या दारातून चालत बाहेर जायचं. पुढचं पुढे.

बुधवारी तिने मेणातले दात ताईच्या तोंडात बसवले आणि आरसा धरला. ताईने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही कोण?"

"तू."

"मी नाही गं ही. ही तू आहेस."

"काहीतरीच काय, ताई."

"ओठ वर कर तुझा. कर म्हणते ना!"

धाकटीने ओठ वर केला. दोघींनी गालाला गाल लावून आरशात बघितलं. पुढच्या दातामागे किंचित लपलेला बाजूचा दात, बोथट सुळे, डावीकडे जराशी उतरती रांग. एकीच्या तोंडातलं दुसरीच्या तोंडात जसंच्या तसं. मुद्दाम करायला गेली असती तर इतकं जमलं नसतं.

ताई हसत सुटली. मेण सुटेल म्हणून धाकटीने तिची हनुवटी धरून ठेवली, तरी ती हसतच होती. "लोक मागे पोरं ठेवून जातात," ती म्हणाली, "आणि ही बया दात ठेवून जाणार!"

भाचाही हसला. धाकटीने मात्र आरसा पालथा ठेवला.

कारण डोळे मिटूनही दात लावू शकतात असे तिचे हात. हाताला सवय लागली की डोकं विचारत नाही. मग ही सवय कधीपासूनची? एका ताईपुरतीच आली असेल? पाच हजारांच्या वर तोंडं. ती बस थांब्यावर उभी राहिली, बस आली, गेली. समोर एक आजी जांभई देत होती. तिने वाकून बघितलं. आजीने तोंड मिटलं आणि पर्स छातीशी धरली. पुढच्या चौकात निवृत्त पोस्टमन भेटला, अकरा वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक.

"काका, जरा हसा."

"कशाबद्दल?"

"उगाच. दात दाखवा."

त्याने दाखवले. बाजूचा दात लपलेला. बोथट सुळे.

"काका, हे दात तुमच्यासारखे नाहीत. माझे आहेत ते."

माणूस भला होता, पण उन्हात उभा होता. "अकरा वर्षं यांनी खातोय, भांडतोय," तो म्हणाला. "बायको गेली तेव्हा हेच दात आवळून उभा होतो. आणि आत्ता तुमचे झाले? तुमचे असतील तर घेऊन जा!" पुढचं वर सांगितलंच आहे. तिने त्याचा हात धरला आणि माफी मागितली. तो पुटपुटत गेला. ती मात्र तिथेच घुटमळत राहिली, जायचं कुठे हेच ठरेना. आपण जगलो म्हणजे नेमकं काय केलं? इतक्या लोकांच्या तोंडात शिरून बसलो. चांगलं की वाईट? कुणाला विचारायचं? आणि ताईचे दात मुळात कसे होते?

हा खरा घोर. तिला आठवेना.

पोस्टमनचे दात आठवत होते, शाळेतल्या बाईंचे आठवत होते. ताईचे नाहीत. फोटो काढून बघितले. एकाही फोटोत ताई स्थिर नाही. कुठे मान फिरलेली, कुठे हात हललेला, कुठे तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा. भाच्याला फोन केला.

"आईचे दात?" तो विचारात पडला. "पांढरे होते."

म्हणजे ताईलाच विचारायला हवं होतं. आणि वेळ तर भराभर निसटत होता. गुरुवारी ती गरम पाण्याचा थर्मास, मेण आणि दातांची डबी घेऊन खाटेपाशी बसली. इस्पितळात दिवा पेटवू देत नाहीत, म्हणून मेण पाण्यात मऊ करायचं.

"सांग. पुढून सुरुवात कर."

"पुढच्या दोघांत फट. शिट्टी वाजायची. नवऱ्याला आवडायची नाही. शिट्टी ठेवली, नवरा सोडला."

धाकटीने फट ठेवली. "एवढी?"

"अजून. तेवढ्यात शिट्टी नाही, नुसता उसासा निघेल. आणि उजव्याला खाच कर. शिवणकामाच्या दुकानात होते ना, दोरा दातानेच तोडायचे."

"तिथे तू सहा महिनेच होतीस."

"सगळीकडे सहा महिनेच होते. मोजल्या होत्यास ना तू, किती नोकऱ्या?"

"चौदा."

"बघ, पाठ आहे हिला! डावा सुळा बाहेर काढ. ओठावर आला पाहिजे. फार आवडायचा तो मला, रागावल्यासारखी दिसायचे."

धाकटी बोटांनी दात ढकलत होती. एकेचाळीस वर्षं वाकडं सरळ करणाऱ्या बोटांना सरळ वाकडं करताना घाम फुटला. सुळा दोनदा आपोआप रांगेत गेला. तिसऱ्यांदा तिने त्याला अंगठ्याने दाबून धरलं.

"आणि मागचे?"

"मागचे कुणाला दिसतात? तिथे तुझेच राहू दे."

थर्मासमधलं पाणी कोमट झालं होतं. धाकटीने विचारलं, एकदम, मान वर न करता. "ताई, वाया गेलं असं वाटतं का गं?"

"कुणाचं? तुझं की माझं?"

"कुणाचंही."

"तुझी तर एकही कवळी परत आली नाही म्हणे."

"नाही आली."

"येईल कशी? घाबरतात लोक तुला." ताई दमली होती, डोळे मिटून बोलत होती. "मला वाटायचं, शेवटी काहीतरी कळत असेल. उजेडबिजेड पडत असेल. काही नाही गं. भूक जाते आणि पाय गार पडतात, एवढंच नवीन. बाकी कालच्यासारखंच. त्या समोरच्या बाईचा नवरा रोज तेच स्वेटर घालून येतो, त्याचाच विचार करते मी दिवसभर."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता पातेलं चढलं. पाच वाजता उतरायचं होतं. धाकटी बसली, उठली, फरशी पुसली, पुसलेली परत पुसली. दीड वाजता फोन वाजला.

"मावशी, ये," भाचा म्हणाला. "श्वास वेगळाच लागलाय."

ती जिन्यापर्यंत गेली, परत आली. पातेल्याकडे बघितलं. अजून साडेतीन तास. परत जिन्यापर्यंत गेली. आजवर तिने एकही कवळी अर्ध्यात काढली नव्हती. लोक रडले, ओरडले, लग्नाची तारीख सांगितली, तरी नाही. अर्ध्यात काढून गार पाण्याखाली धरली की ती वाकते, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

तिने गॅस बंद केला आणि नळ सोडला.

घासली, पॉलिश केली न केली, कानस पिशवीत टाकली. लिफ्टमध्ये तिसऱ्याचं बटण दाबलं, दुसऱ्यावर उतरून धावत वर गेली. ताई उशीला टेकून बसली होती.

"आलीस? मघाशी मी जाऊन आले म्हणतात."

भाच्याने तोंड फिरवलं. धाकटीने कवळी ताईच्या तोंडात बसवली. फट, खाच, बाहेर आलेला सुळा. आरशात रागावल्यासारखी दिसणारी एक बाई उमटली आणि धाकटीला ती एकदम, पुरती आठवली.

"कशी आहे?"

"टोचतंय."

टोचणारच होतं. वाकलीच होती ती. धाकटीने काढली, कानस मारली, घातली.

"आता?"

"टोचतंय."

"कुठे?"

"तिकडे."

पुन्हा काढली. पुन्हा घासली. साडेचार झाले. भाचा चहा आणायला गेला आणि आला. समोरचा स्वेटरवाला नवरा आला, बसला, गेला. गुलाबी पूड धाकटीच्या मांडीवर साचत होती. खरं तर घासण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती कानस नुसतीच फिरवत होती.

"अजून टोचतंय," ताई म्हणाली.

"ताई, कवळी माझ्या हातात आहे."

"माहितीये मला," ताई म्हणाली. "तरी टोचतंय. बघ की."

धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि वाकून बघू लागली.

या आजारपणाआधी धाकटी ताईच्या घरी शेवटची गेली होती त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हा ती वीस मिनिटं थांबली होती.