दोन मिक्सर परत गेले

मिक्सर परत करायची कादंबरीची ही दुसरी वेळ. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात माइक, स्पीकर आणि केबल विकणाऱ्या अंशुमनच्या दुकानात ती पोचली तेव्हा सव्वाअकरा होत आले होते. जानेवारीचं धुकं अजून हटलं नव्हतं. तिने खोकं काउंटरवर ठेवलं आणि जरा ओशाळूनच सांगितलं, की यातही तोच आवाज येतोय.

कादंबरी नोएडात एका आयटी कंपनीत होती. नवरा, प्रतीक, महिनाभरासाठी बंगळूरला गेलेला. घरी ती आणि सासूबाई अलकनंदा, दोघीच. अलकनंदाबाईंनी सांगलीच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. सोसायटीतल्या मराठी मुलांना उंबरा म्हणजे काय हेही ठाऊक नाही, हे पाहून त्या मुलांना गोष्टी सांगू लागल्या, आणि त्या गोष्टी रेकॉर्ड करायचं कादंबरीने मनावर घेतलं. त्या सांगणार, ही मध्येमध्ये विचारणार. म्हणजे माइक दोन, आणि दोघींचे आवाज हवे तसे कमीजास्त करून लॅपटॉपमध्ये सोडायला एक छोटा मिक्सर.

पहिला तिने स्वस्तातला घेतला, प्लास्टिकचा. त्यात सारखी एक बारीक घूंघूं. म्हणून चार पैसे जास्त घालून हा धातूच्या बॉडीचा नेला. घूंघूं तशीच राहिली. शिवाय परवा बोलताना ओठ माइकच्या जाळीला लागला आणि मुंगी चावल्यासारखं झालं. दिल्लीच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढतानाही चटका बसतो, त्यातलाच प्रकार म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

अंशुमनने मिक्सर लावला, माइक जोडला, आवाज पूर्ण वर नेला. स्पीकरमधून काहीच आलं नाही. मग तो एकेक विचारू लागला. घरी घूंघूं सारखी असते की कधी कधी? तिने आठवून सांगितलं, की सकाळी असते, रविवारी दुपारी मात्र अगदी स्वच्छ रेकॉर्डिंग झालं होतं. सकाळी घरात असं काय चालू असतं, जे दुपारी नसतं?

"गीझर," ती म्हणाली, आणि सहज म्हणून माइकला ओठ लागल्याची गोष्टही सांगितली.

अंशुमनचा चेहरा बदलला. गीझरमधून करंट गळत असेल आणि घरचं अर्थिंग जमिनीपासून तुटलेलं असेल, तर तो करंट जमिनीत न जाता अर्थिंगच्या वायरीतून घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूत उतरतो, मिक्सरमध्येही आणि बाथरूमच्या नळातही, असं त्याने समजावलं. करंट गळला की लाइट बंद करणारं बटण मेन बोर्डात असतं, ते चालू आहे ना, असंही विचारलं.

कादंबरीला ऑक्टोबर आठवला. ते बटण सारखं पडायचं. इलेक्ट्रिशियन आला तेव्हा ती ऑफिसच्या कॉलवर होती. 'मॅडम, ये बार बार गिरेगा, निकाल दूँ?' असं त्याने विचारलं, तिने कॉल म्यूट केला आणि हो, निकाल दो म्हणाली. त्यानंतर बटण पडलं नाही. एक कटकट गेली म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

"अभी घर पे कौन है?" अंशुमनने विचारलं.

घड्याळात अकरा वीस झाले होते. अलकनंदाबाईंचे गुडघे थंडीत आखडायचे, म्हणून त्या ऊन वर आल्यावर, साडेअकराला अंघोळ करायच्या. अकराला गीझर लावायच्या आणि अंघोळ होईपर्यंत तो चालूच ठेवायच्या, पाणी गार होऊ नये म्हणून.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन नेहमीसारखा हॉलमध्ये चार्जिंगला असणार. तिने सोसायटीच्या गेटवर फोन करून गार्डला वर पाठवलं. चार मिनिटांनी त्याने कळवलं, की बेल वाजवतोय, कोणी दार उघडत नाही, आतून पाण्याचा आवाज मात्र येतोय.

तिने फोन अंशुमनच्या हातात दिला, नाव सांगितलं, आणि पुढचा नंबर त्याने लावून दिला. सोसायटीचा मेंटेनन्स बघणारे दिलीप फोनवर आले. फ्लॅटचा लाइट तळमजल्यावरच्या मीटरपाशी बंद करा, असं तिने सांगितलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, की त्यासाठी आधी ॲपवर कम्प्लेंट टाकावी लागते.

"दिलीपजी, मेरी सास नहा रही हैं और नल में करंट है," ती हळू म्हणाली. आवाज चढवला तर रडू फुटेल अशी तिला भीती होती. "पहले लाइट काटिए. कम्प्लेंट मैं बाद में डालूँगी."

 पलीकडून पळण्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने 'काट दी, मॅडम.'

पण लाइट तोडण्याआधी काय झालं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. दार आतून लॅच होतं आणि चावी कादंबरीच्या पर्समध्ये होती. दार तोडा असं तिने गार्डला सांगितलं. पण ते लोखंडी जाळीचं दुहेरी दार, त्याच्याने हलेना. ती मेट्रोत बसली. मंडी हाऊसला गाडी बदलली. बोगद्यात रेंज जात होती आणि परत आली की गार्डचा तोच मेसेज दिसत होता : 'अंदर से कोई आवाज़ नहीं.' मघाशी पाण्याचा तरी आवाज येत होता. यमुना ओलांडताना तिने प्रतीकचा नंबर काढला आणि लावला नाही. त्याला काय सांगायचं होतं? शेजारी बसलेल्या एका बाईंनी तिला पाणी दिलं. तिने बाटली हातात धरली आणि घराजवळचं सेक्टर एकसष्टचं स्टेशन येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

दार उघडलं तेव्हा पडदे ओढलेल्या घरात अंधार होता. बाथरूमची कडी आतून लावलेली. तिने हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली.

"कादंबरी?" आतून आवाज आला, अगदी बारीक. "मला दिसत नाहीये गं."

बाथरूमला खिडकी नव्हती. दिलीपजींनी लाइट तोडला तेव्हा अलकनंदाबाई अंग पुसत होत्या. एकदम काळोख झाला, आणि आपले डोळेच गेले असं त्यांना वाटलं. कादंबरीने मोबाइलचा टॉर्च दाराखालच्या फटीतून आत धरला. उजेड दिसल्यावर आतून रडण्याचा आवाज आला. मग कडी निघाली. तासभर त्या प्लास्टिकच्या स्टुलावर, ओल्या टॉवेलमध्ये बसून होत्या. पाय ठेवला तर पडू या भीतीने हललेल्या नव्हत्या, आणि दारावरचे धक्के ऐकून कोणी परकं घुसतंय असं वाटल्याने त्यांनी हाकही मारली नव्हती. अंग बर्फासारखं गार झालं होतं.

रजईत गुंडाळून, गॅसवर केलेला चहा पाजल्यावर त्या बोलल्या. पंधरा दिवस त्यांना नळाला हात लावला की मुंग्या येत होत्या. प्रतीकच्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा सुरुवात बोटांतल्या मुंग्यांपासूनच झाली होती. त्यामुळे हे आपलंही तेच, असं धरून त्या गप्प राहिल्या.

"तुला सांगितलं असतं, तर तू तुझं काम सोडून मला दवाखाने दाखवत बसली असतीस," त्या म्हणाल्या. "म्हणून मी नळाला हातच लावत नव्हते. लाकडी पळीने ढकलून तो सोडायचे. आज अंधार झाला तेव्हा म्हटलं, आला अर्धांगवायू."

कादंबरीने त्यांना ऑक्टोबरची गोष्ट सांगितली. बटण मीच काढायला लावलं, आई. अलकनंदाबाईंनी चहाचा रिकामा कप तिच्या हातात दिला.

"प्रतीकला तूच सांग," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती तक्रार होईल."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरा इलेक्ट्रिशियन आला, त्याने सुटून काळी पडलेली अर्थिंगची वायर दाखवली, गीझर भिंतीवरून उतरवला, नवं बटण बसवलं. अंशुमनने आठवड्याने फोन करून वायरिंगची चौकशी केली आणि मगच तिसरा मिक्सर विकला, दोन माइकचा, सगळ्यात छोटा. त्यातून घूंघूं येत नाही. गोष्टी आता रेकॉर्ड होतात. पण नवीन गीझर लावून तीन आठवडे झाले, तरी अलकनंदाबाई अंघोळीचं पाणी गॅसवरच तापवतात, आणि कादंबरी ऑफिसला उशीर झाला तरी त्या बाहेर येईपर्यंत बाथरूमच्या दाराशी उभी राहते.