दहा हजारांच्या जरासं पुढे

मला मागणी घालायला आलेल्या माणसाला बाबांनी एक आकडा दिला. दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. "याला कशाने भाग जातो ते शोध, नाहीतर जातच नाही हे दाखव. कागद-पेन्सिल, बाकी काही नाही. जमलं तर मुलगी तुझी." चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण खाष्ट म्हणजे किती खाष्ट! वर अविभाज्य संख्यांची आपली पुस्तिकाही त्याला दिली, मोठा उदार असल्यासारखी.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. शाळा अर्धवट सुटलेली, पण हात सोन्याचे. गिऱ्हाईक नसलं की डोळ्यावरचं भिंग वर सरकवून भागाकार मांडायचा. तीनने नाही, सातने नाही, अकराने नाही. पुस्तिकेतल्या बाराशे एकोणतीस संख्या पठ्ठ्याने चार महिन्यांत संपवल्या.

आता माझं ऐका. मीही शाळेत गणितच शिकवते. तो आकडा मी पहिल्याच दिवशी बाबांसमोर पाच मिनिटांत फोडला होता. दहा हजार आठचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, झाला तो आकडा! म्हणजे दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ. आठवीच्या पोरांनाही जमेल. आणि पुस्तिका नेमकी दहा हजारांवर संपत होती. बाबांचा डाव कळूनही मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मला मेलीला माझ्या तोलाचा नवरा हवा होता ना! त्याचं त्याला सुचलं पाहिजे, हा माझा हट्ट.

रविवारी तो नऊ वह्या घेऊन आला. बाबांनी त्याला पानं वाचायला लावली, अधूनमधून "वा, वा!" म्हणाले.

"कशानेच भाग जात नाही, सर. अविभाज्य आहे."

"शोध वर्गमुळापर्यंत न्यायचा असतो. याचं वर्गमूळ किती?"

"दहा हजारांच्या जरासं पुढे."

"त्या जराशात काय आहे ते पाहिलंस?"

"पुस्तिका तुम्हीच दिलीत, सर. तुम्ही अपुरी कशाला द्याल?"

बाबा पोट धरून हसले. गुणाकार लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो दोनदा करून पाहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"हिने पहिल्याच दिवशी सोडवलाय," बाबा म्हणाले. "विचार तिला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"रोज दुकानात येऊन बसायचीस. पेन्सिलीला टोक काढून द्यायचीस."

लाजेने मेल्यासारखं झालं मला. तो वह्या गोळा करायला लागला.

"अरे थांब," बाबा म्हणाले, "चिकाटी आहे तुझ्यात. दुसरा देतो, सोपा."

"नको, सर," तो म्हणाला. "मुलगी तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हालाच शोभते."