राखीव दम

“पहिल्यांदा राखून धाव, चिमे. शेवटाला दम उरला पाहिजे,” लेकीच्या बुटाची नाडी आवळत स्टोअरकीपर म्हणाला.

“कळलं हो बाबा. किती वेळा?”

इस्पितळाच्या भांडारात शेवटची हातमोज्यांची पेटी त्याने आजवर कुणाला सुखासुखी दिली नव्हती. सर्जन तणतणत आले, तरी पेटी फळीवरच. लेकीच्या छातीतला श्वासही त्याला आपल्याच ताब्यातला माल वाटे.

फुटबॉलच्या संघात उजव्या बाजूची एकच जागा उरली होती. चाचणी अशी, की मैदानात सहा वेळा जीव खाऊन धावायचं, मध्ये जेमतेम श्वास घेण्यापुरती उसंत. शेवटच्या धावेपर्यंत वेग जितका पडेल, तितका दम कच्चा. पहिलीच धाव सावकाश काढली तर वेग पडेल कुठून? स्टोअरकीपर या हिशेबावर खूश होता.

चिमी धावली. सहाही धावा अगदी सारख्या. कोचबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काल चेंडूमागे सुटली होतीस ती तूच ना? आज काय भाजी आणायला निघाली होतीस?”

चिमीने बापाकडे पाहिलं. बाईंनीही.

“मीच सांगितलं,” तो पुढे होत म्हणाला. “ऐनवेळी कमी पडायला नको म्हणून. इस्पितळाच्या भांडारात आम्ही असंच करतो.”

“तुमच्या भांडारात ठीक आहे हो. इथे समोरची पोर पहिल्याच झेपेत चेंडू काढून नेईल. मग उरलेला दम काय घरी नेणार?” बाई चिमीकडे वळल्या. “बस जरा. मग पुन्हा सहा. या खेपेला काही शिल्लक ठेवायची नाही.”

पहिल्या धावेत चिमी सुटली, तशा बघणाऱ्या पोरी बोलायच्या थांबल्या. चौथीत पाय जड झाले. सहावीत खांदे हेलकावे खात होते. रेषेपलीकडे जाऊन ती ओकली.

तो बाटली घेऊन धावला.

“थांबा. चालू दे तिला,” बाई म्हणाल्या. “पाय आहेत पोरीला. दम नाही, तो मी आणीन. घेते हिला. फक्त सरावाला तुम्ही फाटकाच्या आत यायचं नाही.”

“पाणी तरी...”

“नळ आहे.”

चिमी काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. तिने बाहीने तोंड पुसलं.

“जा ना बाबा,” ती हळूच म्हणाली.

सोमवारी सराव सुरू झाला. मैदानाची भिंत पुरुषभर उंच. आतलं काही दिसत नव्हतं. फाटकाबाहेरच्या बाकावर त्याला बसवेना. तो भिंतीच्या कडेने येरझारा घालत राहिला. आत शिट्टी वाजली की त्याची चाल आपोआप वाढे, आणि पुढची शिट्टी वाजेपर्यंत श्वास छातीतच अडकून राही.