बिनआवाजाचा कॉम्प्युटर

प्रोसेसरच्या कूलरच्या तळाला चिकटलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा तिने नखाने सोलला, दिव्याच्या उजेडात धरला आणि दिराला दाखवला.

"बघा, काढलाय. नंतर म्हणू नका, वहिनी विसरली."

"मी कशाला म्हणेन? मी नुसता हमाल," दीर म्हणाला. तो जमिनीवर मांडी ठोकून पंख्यांच्या रबरी खुंट्या सुट्या करत बसला होता. "पण खरं सांगू? माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला मी तो तसाच ठेवला होता. प्रोसेसर असा तापला, आणि पंखे असे बोंबलायला लागले, की शेजारचे विचारायला आले, घरात गिरणी टाकलीत का."

ती हसली. आज हसायलाही तिला जोर लावावा लागत होता. तिने प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी सोडली, कूलर अलगद वर टेकवला आणि एकदा इकडचा, एकदा त्याच्या समोरचा असे स्क्रू थोडे थोडे आवळत गेली. स्क्रू ड्रायव्हर खाचेतून दोनदा निसटला.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"चहा झाला नाही अजून."

दिराने ते लगेच मान्य केलं. त्याच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी चहा न झाल्यामुळेच येत होत्या.

खोली घराच्या मागच्या बाजूला होती. भिंतींना फोमचे चौकोन चिकटवलेले, खिडकीला जाड पडदा, टेबलावर माइक, आणि माइकसमोर एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून काकू कादंबऱ्या वाचत. काकू तिच्या कुणी लागत नव्हत्या. एके काळी त्या रेडिओवर बातम्या वाचायच्या आणि आता पुस्तकं वाचायच्या, जी लोक कानाला लावून ऐकत. ही ते ध्वनिमुद्रित करायची, साफ करायची, खोकला, पानांची सळसळ, पोटातली गुरगुर काढून टाकायची आणि प्रकाशकाकडे पाठवून द्यायची. तिच्याकडून गेलेलं काम कधी परत आलं नव्हतं. तिला त्याचा थोडा गर्वही होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

मग मागच्या आठवड्यात प्रकाशनातल्या माणसाचा फोन आला.

"ताई, दोन प्रकरणं परत पाठवतोय. आवाजाच्या मागे बारीक शीळ आहे हो. सुईसारखी. तुमच्याकडून असं कधी येत नाही."

"जुन्या कॉम्प्युटरचा पंखा असेल," ती तत्काळ म्हणाली. "बदलतेच आहे आता."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की जी शीळ आपण ऐकलेलीच नाही तिचं कारण आपण सांगून मोकळ्या झालो. तिने हेडफोन लावले, ती प्रकरणं पुन्हा पुन्हा ऐकली. आवाज इतका वाढवला, की काकूंचा प्रत्येक शब्द डोक्यात आपटायला लागला. शब्दांच्या मागे काही नव्हतं. तिने हेडफोन काढून ठेवले.

तिचे बाबा घड्याळजी होते. साधारण तिच्या आजच्या वयाचे असताना ते दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकासमोर कानाशी न्यायचे, समाधानाने मान डोलवायचे, आणि मग हळूच सेकंदकाट्याकडे एक नजर टाकून घ्यायचे. तेव्हा ती शाळेत होती आणि तिला ती बाबांची लकब वाटायची. पुढे आईला घरात ओरडूनच बोलायची सवय लागली, दुकान बंद झालं, आणि आई तर बाबा गेल्यावरही कितीतरी दिवस सगळ्यांशी ओरडूनच बोलत राहिली.

म्हणून हा कॉम्प्युटर. नवऱ्याला वाटलं, बायकोला हौस आली. दिराला तर आनंदाचं भरतं आलं, कारण त्याचा हा जुना नाद होता आणि घरात कुणी त्याला विचारत नव्हतं. पण तिने मनाशी मांडलेला हिशेब वेगळाच होता. जुना कॉम्प्युटर दिवसभर घरघरतो, त्या घरघरीत बारीक आवाज दबून जातात, म्हणून आपल्याला शीळ ऐकू येत नाही. खोली एकदा शांत झाली की ऐकू येईल. आणि नाहीच आली, तर? इथपर्यंत पोचली की ती उठून काहीतरी दुसरं काम काढायची. कॉम्प्युटर बदलता येतो. कान कुठल्या दुकानात मिळतात?

"कॅबिनेट कसलं, तिजोरी आहे," दीर कौतुकाने म्हणाला. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना आतून आवाज शोषणारा जाड नमदा लावलेला होता आणि पुढच्या जाळीतून बशीएवढे मोठे पंखे दिसत होते. "पंखा जेवढा मोठा, तेवढा सावकाश फिरला तरी चालतो. लहान पंखा म्हणजे लहान माणूस. उगाच धावपळ आणि आरडाओरडा."

"तुम्ही किती उंच आहात?"

"वहिनी, तो मुद्दा नाही."

पंखे स्क्रूऐवजी रबरी खुंट्यांवर बसवले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्याला लागत नाही. खुंटी ओढून ओढून भोकातून पलीकडे काढायची आणि मग टपकन जागेवर बसवायची, असं ते काम. पुढच्या पंख्यांनी गार हवा आत घ्यायची, मागच्याने गरम हवा बाहेर टाकायची. मागचा पंखा तिने उलटा बसवला होता. दिराने तो सहज फिरवला आणि ते तिला लागलं. एरवी लागलं नसतं. केबल सगळ्या मागच्या पोकळीतून नेऊन पट्ट्यांनी बांधल्या, कुठलीही पात्यांना घासणार नाही हे बोट फिरवून बघितलं, झाकणं लावली.

"चला, मुहूर्त," दीर म्हणाला. त्याने छताचा पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली, दार लावलं. "दाबा बटण."

तिने बटण दाबलं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पांढरा ठिपका उजळला, पडद्यावर अक्षरं आली. बस्स. तिने जाळीसमोर हात धरला तेव्हा गार हवेची झुळूक आत जाताना बोटांना जाणवली. म्हणजे पंखे फिरत होते. ती वाकली, कान जवळ नेला. काही नाही. खोलीत एवढी शांतता तिने कधी अनुभवली नव्हती.

आधी तिला आनंद झाला. तो फार टिकला नाही. आवाज नाही, की मला येत नाही? जुना कॉम्प्युटर निदान घरघरायचा, आणि ती घरघर ऐकू येते एवढी तरी खात्री होती. तिने एवढे दिवस मन लावून असं काहीतरी तयार केलं होतं, ज्याच्यासमोर बसून तिला स्वतःबद्दल काहीच कळणार नव्हतं. विचारायचं तरी कसं? ऐकायचं काम करणाऱ्या बाईने दुसऱ्याला विचारायचं, आवाज येतोय का? तिने दिराच्या तोंडाकडे पाहिलं.

दीर डोळे मिटून, मान तिरकी करून उभा होता.

"पंखे एकदम चिडीचूप," तो म्हणाला. "मानलं वहिनी तुम्हाला. तेवढी ती बारीक शीळ सोडली तर."

तिने टेबलाची कड धरली.

"हो ना," ती म्हणाली. "तेवढी सोडली तर."

"मघापासून येतेय. मला वाटलं, बाहेरून कुठूनतरी असेल. पण खिडकी लावली तरी आहेच." तो कॅबिनेटभोवती फिरला. "तुम्हीच सांगा, तुमचे कान तयार. खालून येतेय की मागून?"

तो वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. ती जिकडे बोट दाखवेल तिकडचे स्क्रू तो काढायला घेणार होता.

"थांबा, मोजूनच बघू," ती म्हणाली. "अंदाजपंचे कशाला."

तिने नव्या कॉम्प्युटरला माइक जोडला आणि आपला नेहमीचा प्रोग्रॅम टाकला. तो टाकला जाईपर्यंत दीर गुणगुणत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. हा प्रोग्रॅम आवाज डोळ्यांना दाखवायचा. जाडेभरडे आवाज पडद्याच्या तळाशी उमटायचे, बारीक आवाज वर. तिने माइक सुरू केला. तळाशी थोडासा धुरकट पट्टा आला, म्हणजे पंखे. मधला सगळा भाग काळा. आणि अगदी वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टी ठेवून ओढावी तशी एक पांढरी सरळ रेघ.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ सरकत होती, संपत नव्हती. तिने श्वास रोखला, डोळे मिटले, सगळा जीव कानांत आणला. डोळे उघडले. रेघ होतीच.

"मी एकेक वायर काढून बघतो," दीर टेबलाखाली शिरत म्हणाला. "तुम्ही ऐका. आता?"

"आहे," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"आणि आता?"

"आहे अजून."

"आता? हा प्रिंटर काढला."

"आहे."

किती सोपं होतं! तिला स्वतःचीच भीती वाटली. आवाज किंचितही न कापता ती उत्तरं देत होती, आणि सगळी बरोबर. टेबलाखाली काहीतरी खट् झालं, टेबलावरचा दिवा विझला आणि त्याच क्षणी रेघ तुटली.

"गेली!"

"मी विचारायच्या आत!" दीर टेबलाखालून हसला आणि डोकं आपटून बाहेर आला. त्याच्या हातात दिव्याचा छोटा काळा अडॅप्टर होता. "काय कान आहेत हो तुमचे! हा बघा चोर. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष सुटला."

तो दिवा काकूंसाठी आणला होता. त्यांना बारीक टाइप दिसेनासा झाला होता म्हणून. काकू वाचायला बसल्या की तो लागायचा, आणि तो लागला की ही समोर बसून ध्वनिमुद्रण करायची, इतकी जवळ, की हात लांब केला तर अडॅप्टरला लागावा.

"कधीपासून आहे हा दिवा?" दिराने सहज विचारलं.

"आहे थोड्या दिवसांपासून."

"हं," दीर म्हणाला, आणि अडॅप्टर उलटसुलट करून बघत राहिला.

खिडकीच्या पडद्यामुळे खोलीत भरदुपारी अंधारून आलं होतं. ती खुर्चीत बसली. वेळ मारून नेली होती तिने. दुसरा अडॅप्टर आणला की झालं, ती दोन प्रकरणं पुन्हा ध्वनिमुद्रित केली की झालं. प्रकाशनातला माणूस म्हणेल, ताई, आता कसं नेहमीसारखं आलं. यापुढे प्रत्येक प्रकरण ती डोळ्यांनी तपासेल, वरच्या कोपऱ्यात रेघ दिसते का बघेल, आणि कुणाला कळणार नाही. पण आपल्याला ऐकू येणं जिथे थांबतं ती हद्द उद्या थोडी खाली येईल. परवा आणखी खाली. जिथे काकूंच्या आवाजातल्या बारीक जागा आहेत तिथे. तिला एकदम रडू फुटेलसं वाटलं, आणि ते दिरासमोर नको म्हणून तिने हेडफोनची वायर उगाच गुंडाळायला घेतली.

वायर गुंडाळून झाली. दीर हत्यारं पेटीत भरत होता.

"भाऊजी, दिवा परत लावा."

"कशाला? सापडला ना चोर."

"लावा हो."

त्याने अडॅप्टर पुन्हा खोचला. दिवा लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ उगवली. तिने हात पुढे केला आणि पडदा बंद करून टाकला.

"कशी येतेय?"

"काय कशी?"

"शीळ. कशी असते ती? मला करून दाखवा."

दिराच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते तिथेच थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बंद पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने पेटीत न टाकता जमिनीवर ठेवला. काकूंची खुर्ची ओढून तो तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसला. मग त्याने दात मिटले आणि ओठ फाकवले.

ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. त्याची मान ताठ झाली, गळ्याची शीर थोडी फुगली. दिव्याच्या उजेडात त्याच्या नाकावरचा घाम चमकत होता.

"करा ना," ती म्हणाली.

त्याने थांबून श्वास घेतला.

"करतोय ना, वहिनी."