चहाडी

आठवडाभर मी खोलीत शिरले की लेक टॅब पालथा घालते. विचारलं तर म्हणते, "गेम." मी पुढे विचारत नाही. कपड्यांच्या घड्या घालायला लागते.

आणि नोकरी कसली, तर शिक्षिकेची. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात सध्या हेच शिकतेय: मुलांना ऑनलाइन सुरक्षितता कशी शिकवायची. आज माझा सराव पाठ होता. सोबतचे शिक्षकच विद्यार्थी झालेले. खेळाचे सर, आमचे पहिलवान, बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

मी फळ्यावर लिहिलं, 'कुणी त्रास दिला तर मोठ्यांना सांगा.' तेवढ्यात पहिलवान ओरडले, "बाई, बाई, हा बघा ना, माझा फोटो ग्रुपवर टाकतोय!"

"चहाड्या नकोत हं. खाली बस."

वर्ग खदखदून हसला. मागून मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "हे ठरवून म्हणालात?"

"नाही. तोंडातून गेलं."

"माझ्याही जातं," पहिलवान म्हणाले. "प्रत्येकाची तक्रार ऐकत बसलो तर खेळ व्हायचाच नाही."

"फळा कोण वाचतंय, सर? पोरं आपलं तोंड ऐकतात," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "उद्या पाठ पुन्हा घ्या."

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर लेकीशेजारी बसले. "कुणी त्रास दिला आणि तू मला सांगितलंस, तर ती चहाडी नाही."

"दादाचं सांगितलं की तूच म्हणतेस, चहाडखोर."

दादा म्हणजे मोठ्या जाऊबाईंचा मुलगा. आम्ही एकाच घरात राहतो.

"म्हणते. चुकतं माझं."

"तू काकूला सांगशील?"

"सांगेन."

"मग दादा बोलणार नाही माझ्याशी."

"काही दिवस नाही बोलणार."

तिने बराच वेळ नख कुरतडलं. मग टॅब सुलटा केला. दादाच्या दोस्तांचा ग्रुप. त्यावर दादाने टाकलेला फोटो: ओली गादी, शेजारी रडणारी माझी लेक, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांगच रांग.

मी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे हाक मारली, "जाऊबाई, जरा येता का?"

लेक माझ्या पाठीमागे सरकली. जाऊबाई हात पुसत आल्या, तिच्याकडे बघून हसल्या. "काय गं, आज कुणाची चहाडी?"

"तिची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. बसा."